कांदिवलीच्या उशाचे रान आणि रानपक्षी

ज्याचे खाणे, घरटे आणि आसरा हे तिन्ही रानावर अवलंबून असते, तो रानपक्षी. कावळा, साळुंकी, पारवा आणि घार हेही इथलेच पक्षी, पण ते माणसाच्या वस्तीवर पोसले जातात. रान तुटले तरी त्यांचे फारसे अडत नाही, उलट कचरा वाढला की त्यांची संख्या वाढते. नवरंग, भृंगराज, शामा, तिबोटी खंड्या, तांबूस सुतार आणि चकोत्री यांची गोष्ट निराळी आहे. पायाखालचा पाला, डोक्यावरची सावली आणि ओढ्याकाठची ओल एवढ्या अटी जुळल्या तरच ते टिकतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जातींची नोंद आहे. यादी लांबलचक असली, तरी संरक्षणाची खरी गरज आहे ती तिच्यातल्या या रानपक्ष्यांना.

कांदिवली पूर्वेला ठाकूर व्हिलेज, लोखंडवाला, आकुर्ली, दामूनगर, क्रांतिनगर अशी वस्ती डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेली आहे. इमारतींची शेवटची रांग संपली की भिंत लागते आणि भिंतीपलीकडे उद्यान सुरू होते. पोईसर नदी याच डोंगरात उगम पावते, कांदिवलीतून वाहत पश्चिमेला खाडीला मिळते. वरच्या अंगाला ती खडकांतून खळाळणारा पावसाळी ओढा आहे. खाली वस्तीत शिरल्यावर तिचा नाला झाला आहे. नदीचे हे दोन चेहरे दोन-चार किलोमीटरांच्या अंतरात दिसतात. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात मोडतो. पश्चिमेला दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड आणि गोरेगाव, पूर्वेला मुलुंड, भांडुप आणि ठाणे, उत्तरेला घोडबंदरचा रस्ता आणि वसईची खाडी अशा वेढ्यात हे रान उभे आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या हद्दीत एवढे रान शिल्लक असल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

बाहेरून पाहणाऱ्याला रान म्हणजे झाडे दिसतात. पक्ष्यांच्या लेखी मात्र रानाला मजले असतात. तळमजला पालापाचोळ्याचा. तिथे कस्तूर आणि ठिपकेवाला सातभाई पाने उलटी-पालटी करून किडे टिपतात, पाचू होला पडलेली फळे आणि बिया वेचतो, चकोत्री पायाने माती उकरते. त्यावरचा मजला कारवी, करवंद आणि बांबूच्या बेटांचा. टिकेलचा निळा माशीमार इथे गुडघा-कमरेच्या उंचीवर वावरतो आणि दरडीच्या कपारीत किंवा झाडाच्या खोबणीत घरटे करतो. मधल्या फांद्यांत स्वर्गीय नर्तक आणि भृंगराज यांचे राज्य. भृंगराज इतर पक्ष्यांच्या घोळक्याबरोबर फिरतो आणि त्यांच्या हालचालीने उडालेले किडे झेलतो. शिकारी पक्षी दिसला की पहिली आरोळीही बहुधा त्याचीच असते. सर्वांत वरचा मजला ऐन, हुंब, कळंब, वड आणि उंबर यांच्या शेंड्यांचा. तिथे महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, कुटुर्गा, राखी धनेश आणि आकाशात घिरट्या घालत शीळ देणारा सर्पगरुड दिसतो.

यातला एक मजला काढून घेतला तर रान लांबून तसेच हिरवे दिसते, पण त्या मजल्यावरचे भाडेकरू निघून जातात. झाडांखालचा पाला झाडून नेला, झुडपे छाटून बसायला जागा केली, तर झाडांची संख्या एकानेही कमी होत नाही. नवरंग आणि कस्तूर मात्र तिथे पुन्हा उतरत नाहीत. उपनगरांतल्या कितीतरी बागांमध्ये मोठी झाडे असूनही रानपक्षी का नाहीत, याचे उत्तर बहुतांशी या तळमजल्यात आहे.

या पक्ष्यांचे वर्ष पावसाच्या तालावर चालते. हिवाळ्यात उत्तरेकडून पाहुणे येतात. हिमालयात घरटी करणारा नीलांग माशीमार, पर्णवटवटे आणि लाल छातीचे माशीमार सहा महिने इथे काढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात तेव्हा रान एका अर्थाने खानावळ होते. पश्चिम घाट आणि त्याच्या आसपासच्या परिसराखेरीज जगात कुठेही न आढळणारा व्हिगॉर्सचा शिंजीर या फुलांवर येतो. बांडगुळाची नळीसारखी फुलेही शिंजिरांना हवी असतात आणि बांडगुळाची चिकट फळे फुलटोच्याला. झाडावर बांडगूळ दिसले की ते काढून टाकण्याची बागेतली सवय रानात आणू नये, ती एवढ्यासाठी. मार्चपासून मेपर्यंत झाडांच्या ढोल्यांत राहणारे पक्षी पिले वाढवतात. पहिला पाऊस पडला, पाने फुटली आणि त्यांवर सुरवंटांची भर आली, की जमिनीवरच्या आणि ओढ्याकाठच्या पक्ष्यांची पाळी येते.

ढोलीतल्या संसाराचे सर्वांत विलक्षण उदाहरण राखी धनेशाचे. मादी योग्य ढोली निवडून आत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने तोंड लिंपून घेते. एक उभी फट तेवढी उघडी राहते. आत बसून ती पंखांची पिसे टाकते, म्हणजे मधल्या काळात तिला उडताही येत नाही. या दिवसांत नर उंबर, वड आणि पिंपळाची फळे गळ्यात साठवून आणतो, फटीशी खोडाला चिकटून बसतो आणि एकेक फळ चोचीच्या टोकाशी आणून आत सरकवतो. दिवसातून अनेक वेळा, आठवड्यामागून आठवडे हा क्रम चालतो. पिले थोडी मोठी झाली की मादी लिंपण फोडून बाहेर पडते. या काळात नर मेला तर आत अडकलेल्या सगळ्या कुटुंबावर उपासमार ओढवते. परिसरातले एखादे मोठे उंबर तोडले तरी संकट तेच. फळ देणारे झाड आणि ढोली असलेले झाड ही दोन्ही एकमेकांपासून उडून जाण्याजोग्या अंतरावर हवीत. धनेश बियाही दूरवर टाकतो, त्यामुळे पुढच्या पिढीची झाडे त्याच्याच हातून लागतात.

धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. पोपट, पिंगळे, दयाळ यांनाही येत नाही. ते काम सुतार आणि तांबट करतात. तांबट वाळलेल्या मऊ फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक पाडतो, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही. दुसऱ्या हंगामात तेच भोक दुसऱ्या कोणाचे तरी घर होते. वठलेले झाड म्हणूनच रानातले सर्वांत गजबजलेले झाड असते. शहरातल्या माणसाला ते धोकादायक किंवा निरुपयोगी वाटते, लाकूडतोड्याला सरपण वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी दिलेल्या आदेशाने राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून मेलेली, मरू घातलेली आणि वाऱ्याने पडलेली झाडेही हलवण्यास मनाई केली. जंगलांविषयीच्या एका मोठ्या खटल्यात निघालेला हा आदेश ढोलीतल्या पक्ष्यांसाठी काढलेला नव्हता, पण त्यांना याच्याइतका उपयोगी पडलेला दुसरा आदेश सापडणे कठीण.

तांबूस सुताराची तऱ्हा आणखी वेगळी. उंच फांद्यांवर काळ्या मुंग्यांची फुटबॉलएवढी, तपकिरी, पुठ्ठ्यासारख्या लगद्याची घरटी लटकलेली दिसतात. या मुंग्या कडकडून चावतात. तांबूस सुतार त्या मुंग्याच खातो आणि अंडी घालायची वेळ आली की त्यांच्याच नांदत्या घरट्यात पोकळी करून अंडी घालतो. मुंग्या अंड्यांना आणि पिलांना धक्का लावत नाहीत. या सुताराच्या शेपटीच्या पिसांना मुंग्यांची तुटलेली डोकी घट्ट चिकटलेली आढळतात. मुंग्यांची घरटी घाण समजून काठीने पाडली, तर या पक्ष्याचे अन्न आणि घर एकाच फटक्यात जाते.

पावसाळ्याचे मानकरी दोन: नवरंग आणि तिबोटी खंड्या. नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत घालवतो आणि पावसाच्या तोंडावर उत्तरेकडे सरकतो. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्याची दोन सुरांची स्वच्छ शीळ पहाटे आणि संध्याकाळी उद्यानाच्या रानात ऐकू येते. तो उडण्यापेक्षा जमिनीवर टुणटुण उड्या मारणे पसंत करतो आणि ओल्या पाल्याखालचे गांडूळ व किडे खातो. तिबोटी खंड्या चिमणीपेक्षा लहान आहे. जांभळट डोके, निळी पाठ, केशरी-पिवळे पोट, पोवळ्यासारखी चोच आणि पायाला तीनच बोटे. तो ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा खणतो, कधी कधी हातभर लांब. पाऊस पडून माती मऊ झाल्याशिवाय त्याला खणता येत नाही आणि पाऊस अती झाला तर दरड कोसळून घरटे जाते. पिलांना तो सरडे, पाली, बेडूक आणि छोटे खेकडे आणून देतो. ओढ्याला सिमेंटची भिंत बांधली, पात्र सरळ केले, काठ साफ केले, की या पक्ष्याला तिथे जागा उरत नाही. पोईसर नदीच्या खालच्या भागात हेच झाले आहे. वरचे ओढे तेवढे अजून त्याच्या कामाचे आहेत.

उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांजवळच्या ओढ्यावर पावसाळ्यात शीळकरी कस्तूर गातो. खडकावरून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजावर मात करणारी, एखाद्या रमतगमत चाललेल्या मुलाने घातलेल्या शिळेसारखी ती तान असते. त्याला वाहते पाणी, ओला खडक आणि कपार हवी. लेण्यांकडे जाणारी गर्दी ओढ्यात उतरते, बाटल्या आणि वेष्टने टाकते, तेव्हा त्याच्या घरातच पाय ठेवते.

हे रान राहिले ते आधी पाण्यामुळे. मुंबईला नळाचे पाणी देण्यासाठी विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. तलावांचे पाणलोट क्षेत्र स्वच्छ राहावे म्हणून भोवतालच्या डोंगरांवर वस्ती आणि शेती होऊ दिली नाही. पक्ष्यांना संरक्षण मिळाले ते या पाण्याच्या आडून. पुढे १९५० च्या मुंबई राष्ट्रीय उद्यान कायद्याखाली कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान झाले. ते अगदी लहान, सुमारे २० चौरस किलोमीटरचे होते. टप्प्याटप्प्याने त्यात तलावांचे पाणलोट आणि आसपासची जंगले जोडली गेली. आधी बोरिवली राष्ट्रीय उद्यान आणि नंतर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अशी नावे बदलली. जुने बोरिवलीकर आजही ‘नॅशनल पार्क’ एवढेच म्हणतात.

पक्ष्यांची पहिली पद्धतशीर नोंद सालिम अली आणि हुमायूँ अब्दुलअली यांनी केली. मुंबई आणि साष्टी बेटाच्या पक्ष्यांवरची त्यांची लेखमाला १९३६ ते १९३९ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मुंबईचीच. गोरेगावला उद्यानाला लागून असलेल्या ३३ एकरांच्या रानात तिचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. त्या लेखमालेचे मोल आज अधिक कळते. पंच्याऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी कुठे काय दिसत होते, हे लिहून ठेवलेले नसते तर काय हरवले हेही कोणाला सांगता आले नसते. हुमायूँ अब्दुलअलींचे दुसरे मोठे काम कायद्यातले. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा पुढाकार होता. संपूर्ण देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९७२ मध्ये आला. या कायद्यातल्या पुढच्या सुधारणांनी देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी घातली. पिंजऱ्यातला मिठू किंवा मुनिया विकणे, विकत घेणे आणि घरी बाळगणे हा गुन्हा आहे, हे मात्र अजून घरोघरी पोहोचलेले नाही.

कायद्याची कागदी रेषा आणि जमिनीवरची रेषा यांत मोठे अंतर पडले ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. कांदिवली, मालाड, बोरिवली आणि मुलुंडच्या बाजूने झोपडपट्ट्या उद्यानाच्या हद्दीत चढत गेल्या. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने १९९५ मध्ये याचिका केली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अतिक्रमणे हटवण्याचे व पात्र कुटुंबांचे उद्यानाबाहेर पुनर्वसन करण्याचे आदेश दिले. त्यानंतरच्या कारवाईत हजारो घरे पाडली गेली. पक्ष्यांच्या दृष्टीने डोंगराचे मोठे उतार मोकळे झाले. ज्यांची घरे गेली त्यांतले बहुतेक लोक शहरात स्वस्त घर न मिळाल्याने तिथे आले होते, हेही तितकेच खरे. शहराने गरिबांच्या घरांचा प्रश्न सोडवला नाही, म्हणून तो रानाच्या अंगावर आला. वारली, कोकणा, महादेव कोळी या समाजांचे पाडे मात्र या साऱ्याच्या कितीतरी आधीपासून रानात आहेत. पाखरांची नावे, त्यांची घरटी कुठे होतात, कोणते फळ कधी पिकते ही माहिती त्यांच्याकडे पिढीजात आहे. वणवा लागला की सर्वांत आधी तीच माणसे पाहतात. त्यांना सोबत घेऊन केलेले संरक्षण टिकाऊ होते.

५ डिसेंबर २०१६ रोजी उद्यानाभोवतीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. त्यात किती अंतरावर काय बांधता येईल आणि काय नाही, याचे नियम आहेत. कांदिवलीच्या बाजूला वस्ती आधीच भिंतीला टेकलेली असल्याने हा पट्टा तिथे अरुंद आहे. म्हणजे जिथे धक्का झेलणाऱ्या या गादीची सर्वांत जास्त गरज तिथे ती सर्वांत पातळ आहे.

वस्ती रानाला टेकली की आधी दिसतो तो कावळा. उघडा कचरा आणि रस्त्यावर टाकलेले अन्न यांवर कावळे, घारी, साळुंक्या, भटकी कुत्री आणि मांजरे पोसली जातात. मग ती कडेच्या रानात शिरतात. कावळा फांदीवर बसून कोणता पक्षी चोचीत काडी घेऊन कुठे जातो ते पाहतो आणि अंडी घातली की उचलतो. साळुंकी सुताराची ढोली बळकावते. मांजर जमिनीलगतचे घरटे शोधते. रानाच्या कडेपासून काही अंतर आतपर्यंत हा मार बसतो, त्यामुळे नकाशावर जेवढे रान दिसते त्यापेक्षा पक्ष्यांच्या वाट्याला येणारे रान कमी असते. रान जितके लांबट आणि तुकड्यातुकड्यांचे, तितकी कडा जास्त. कांदिवली-मालाडच्या बाजूला पक्ष्यांचे रक्षण कचऱ्याच्या डब्यापासून सुरू होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

दुसरा शत्रू वणवा. इथले रान पानझडीचे आहे. फेब्रुवारीपासून पाने गळतात आणि मे महिन्यापर्यंत जमिनीवर वाळलेल्या पाल्याचा थर साचतो. अशा रानात आपोआप आग लागण्याचे प्रसंग जवळजवळ नसतात. विडीचे थोटूक, सहलीची चूल, गवत नवे यावे म्हणून लावलेली काडी किंवा जागा मोकळी व्हावी म्हणून मुद्दाम लावलेली आग, अशीच कारणे असतात. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगाव-दिंडोशीच्या डोंगरउतारावर लागलेली आग रात्रभर शहराला दिसत होती. मोठी झाडे अशा आगीतून पुष्कळदा वाचतात, म्हणून आठवडाभराने ‘काही झाले नाही’ असे वाटते. रातवा मात्र घरटे बांधतच नाही, सरळ पाल्यावर अंडी घालतो, तीही मार्च ते मे या काळात. चकोत्रीची अंडीही जमिनीवरच. जमिनीलगत सरपटत जाणारी हातभर उंचीची आग त्यांचा पूर्ण हंगाम संपवते आणि पाल्यातले किडे मारून पुढच्या पावसाळ्यातल्या नवरंगाचेही ताट रिकामे करते. उन्हाळ्याआधी वनरक्षक आणि वनमजूर जाळरेषा काढतात. रानात ठरावीक रुंदीचे पट्टे साफ करून आगीला खाद्य उरू देत नाहीत. झाडाच्या फांदीने झोडपून आग विझवणे हे काम आजही हातानेच होते आणि ते अतिशय कष्टाचे व धोक्याचे आहे.

आग लागून गेलेल्या जागी आधी उगवते ती घाणेरी आणि रानमोडी. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. त्यांची दाट जाळी झाली की खाली गवत आणि देशी रोपे उगवत नाहीत. उन्हाळ्यात त्या वाळून पुढच्या आगीला सरपण होतात. जुन्या वृक्षारोपणांत लावलेले गिरिपुष्प, सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ हेही कडेच्या टेकड्यांवर आहेत. ही झाडे लवकर वाढतात, सावली देतात, पण धनेशाला किंवा हरियालाला त्यांच्यावर खायला काही नाही. यावर उपाय करताना घाई नडते. घाणेरीची फळे बुलबुल खातात आणि देशी झुडपे नाहीशी झालेल्या जागी काही पक्षी तिच्याच जाळीत आसरा घेतात. सगळी जाळी एका उन्हाळ्यात उपटली तर उतार उघडा पडतो आणि पहिल्या पावसात माती वाहून जाते. पट्ट्यापट्ट्याने काढत जाणे, मुळासकट काढणे आणि मोकळ्या जागी करवंद, उंबर, कळंब, पांगारा, बांबू अशी इथलीच झाडे लावून दोन-तीन पावसाळे राखणे हा मार्ग जास्त वेळ घेतो, पण तोच खरा. आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी २०१६ आणि २०२४ मध्ये बहरली. बहरानंतर ती मरते आणि तिच्या बियांतून नवी पिढी उगवते. नेमक्या त्या काळात उतारावर आग लागली किंवा पायवाटा पडल्या, तर तो उतार घाणेरीच्या ताब्यात जायला वेळ लागत नाही.

छायाचित्रकारांविषयीही स्पष्ट बोलणे भाग आहे. गेल्या काही वर्षांत चांगला कॅमेरा अनेकांच्या हातात आला आणि पक्ष्यांवर प्रेम करणारी माणसे वाढली, ही आनंदाची गोष्ट. पण नवरंगाची शीळ मोबाइलवर वाजवून त्याला उघड्यावर बोलावणे, खंड्याच्या बोगद्यासमोरची पाने छाटणे, पिलांना भरवण्याच्या वेळी घरट्यासमोर रांग लावणे, हे प्रकार वाढले आहेत. वाजवलेल्या शिळेला नर प्रतिस्पर्धी समजतो आणि पिलांचे अन्न शोधायचे सोडून तिच्यामागे धावतो. माणसे समोर असेपर्यंत खंड्या चोचीत पाल धरून फांदीवर ताटकळत बसतो. तेवढा वेळ पिले उपाशी राहतात. घरट्याचे छायाचित्र न काढणे आणि घरट्याची जागा कोणाला न सांगणे, हा नियम पक्षीनिरीक्षकांनी स्वतःवर घालून घ्यायला हवा. याशिवाय मकर संक्रांतीच्या दिवसांत पतंगांच्या मांजाचा प्रश्न येतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी झाडांत अडकलेले धागे महिनोन्‌महिने लटकत राहतात आणि संध्याकाळी उडणारी घुबडे व वटवाघळे त्यांत सापडतात.

हे सगळे बंदोबस्त नीट झाले तरी एक प्रश्न उरतो, तो एकटेपणाचा. पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा तळ्याच्या पाण्याने वेढलेल्या टेकडीचे १९१४ मध्ये बारो कोलोराडो नावाचे बेट झाले. तिथे शिकार नाही, तोड नाही, रान उत्तम राखलेले आहे. तरीही तिथल्या रानपक्ष्यांच्या कितीतरी जाती पुढच्या दशकांत नाहीशा झाल्या. त्यांत जमिनीवर किडे टिपणारे पक्षी जास्त होते. हे पक्षी उडू शकतात, पण उघडे पाणी किंवा मैदान ओलांडायला धजत नाहीत. छोट्या रानात एखादे वर्ष वाईट गेले की संख्या घटते आणि बाहेरून नवे पक्षी येत नसतील तर ती भरून निघत नाही. कांदिवलीच्या डोंगराभोवती पाणी नसून इमारती आहेत, एवढाच फरक.

हवाई बेटावरचे हाकालाऊ अरण्य हे वेगळ्या प्रकारचे उदाहरण. १९८५ मध्ये तिथे देशी रानपक्ष्यांसाठीच आश्रयस्थान स्थापन झाले. गुरांनी आणि डुकरांनी चरून उजाड केलेल्या उतारांना कुंपण घालून लाखो देशी रोपे लावली गेली आणि काही दशकांत पक्षी त्या नव्या रानात शिरू लागले. तिथल्या पक्ष्यांचा मुख्य वैरी बाहेरून आलेल्या डासांनी पसरवलेला हिवताप आहे. तो प्रश्न आपल्याकडे नाही. पण उजाड उतार देशी झाडांनी भरला तर रानपक्षी परत येतात, ही गोष्ट इथेही लागू पडते.

संजय गांधी उद्यानाला एकटेपणातून सोडवणारी वाट उत्तरेला आहे. घोडबंदर रस्त्यापलीकडे नागला हा उद्यानाचाच भाग आहे. वसईच्या खाडीपलीकडे २००३ मध्ये जाहीर झालेले, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे तुंगारेश्वर अभयारण्य आहे आणि त्याच्यापुढे तानसाची जंगले. या साखळीतली एकेक कडी किती मोलाची आहे ते रानपिंगळ्याने दाखवले. १८८४ नंतर ११३ वर्षे कोणाला न दिसलेला हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये थेट तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या काठच्या सागवानी रानात दिसला. साखळीचे दक्षिण टोक म्हणजे गोरेगावचे आरेचे रान. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली २,१४१ झाडे रातोरात तोडली गेली. पुढच्या वर्षी आरेतली आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली या जोडरस्त्यांचे बोगदे आता उद्यानाच्या पोटातून जाणार आहेत. रस्ता वरून नेण्यापेक्षा हे निःसंशय बरे, पण बोगद्यांच्या तोंडाशी होणारी तोड, धूळ, रात्रीचे दिवे आणि ओढ्यांचे बदललेले प्रवाह यांवर लक्ष ठेवावे लागेल.

राहिला भाग शेजाऱ्यांचा. नवरंग आणि तिबोटी खंड्या रात्री प्रवास करतात. पावसाच्या तोंडावर वारा आणि ढग असताना ते खाली उतरतात आणि उंच इमारतींच्या दिव्यांनी भांबावून काचांवर आदळतात. मेअखेर ते जूनमध्ये उपनगरांतल्या सज्जांत, जिन्यांत आणि वाहनतळांवर जखमी नवरंग सापडण्याच्या घटना वारंवार घडतात. डोंगराला लागून असलेल्या सोसायट्यांनी त्या तीन-चार आठवड्यांत गच्चीवरचे आणि दर्शनी भागातले अनावश्यक दिवे रात्री दहानंतर बंद ठेवले, मोठ्या काचांना आतून पडदे लावले किंवा बाहेरून जवळजवळ ठिपके चिकटवले, तर यातले बरेच अपघात टळतात. खर्च फारसा नाही.

पक्षी सापडलाच तर त्याला हलक्या हाताने कापडात धरून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे आणि खोके बंद करून अंधाऱ्या, शांत जागी न्यावे. चोचीत पाणी ओतू नये, दूध-भात भरवू नये, मुलांना हाताळू देऊ नये, छायाचित्रासाठी खोके उघडू नये. धडकेने केवळ भोवळ आलेली असेल तर तासा-दोन तासांत पक्षी सावध होतो. मग खोके रानाच्या कडेला, झाडाखाली उघडावे. पंख लोंबत असेल किंवा रक्त येत असेल तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.